वॉर्डात आजी-आजोबा अचानक गोंधळलेत, आता काय करायचं? नवीन सिस्टर आणि ब्रदरसाठी पायरी पायरीने

जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग करून नुकतेच ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत कुठल्या मेडिकल किंवा ऑर्थो वॉर्डला लागला असाल तर पहिल्याच आठवड्यात शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये एक वाक्य कानावर पडेल, "बारा नंबर, आजोबा, कन्फ्युज्ड आहेत." आणि लगेच सगळे तेरा नंबरकडे वळतात. मला हे वाक्य ऐकवत नाही आता. ताप आहे म्हटलं की किती आहे, कधीपासून आहे हे आपण विचारतोच ना, मग कन्फ्युज्ड म्हटल्यावर कोणीच का काही विचारत नाही? म्हातारं माणूस आहे, साठी बुद्धी नाठी, असं मनातल्या मनात धरून चालतो आपण, आणि तिथेच पेशंटचा एक एक तास वाया जातो.

माझी स्वतःची चूक आधी सांगते. नोकरीला लागून दोन-तीन महिने झाले होते. खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या, आदल्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला "जेवलीस का गं बाळा" विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी एकदम गप्प. हाक मारली की डोळे उघडायच्या आणि परत मिटायच्या. मी चार्टवर लिहिलं, पेशंट शांत, झोप चांगली, आणि आवाज करणाऱ्या दुसऱ्या पेशंटकडे गेले. संध्याकाळी त्यांची मुलगी आली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, सिस्टर, ही माझी आई अशी नाहीये, हिला काहीतरी होतंय. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) मोजलं तर ८६, छातीत न्यूमोनिया. आजी वाचल्या, पण तो अख्खा दिवस गेला तो माझ्यामुळे गेला, आणि मुलीने जे दोन मिनिटांत ओळखलं ते मला आठ तासांत दिसलं नाही कारण आजी काल कशा होत्या हे मी आजच्याशी जोडूनच बघितलं नव्हतं. हे सगळं लिहायला घेतलंय ते त्यासाठीच.

पायरी १: दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं करा

आपल्याकडे जुन्या बायका म्हणायच्या, तापात वात झाला, वातात बरळतोय. तो वात म्हणजे बहुतेक वेळा डिलिरियम. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो, दिवसभरात वरखाली होतो म्हणजे सकाळी राउंडला आजोबा डॉक्टरांशी छान बोलतात आणि रात्री नऊला भिंतीवरचे किडे हाताने झटकत बसतात (म्हणूनच राउंडला 'ओरिएंटेड', म्हणजे भानावर, असं लिहिलेलं असतं आणि नाइटच्या सिस्टरवर कोणी विश्वास ठेवत नाही). आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. तुम्ही प्रश्न विचारता, ते अर्धं उत्तर देतात आणि नजर दुसरीकडे जाते, किंवा मध्येच पेंग येते. डिलिरियम हा मेंदूचा नाही तर आधी शरीराचा आजार समजा, शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडलंय आणि त्याची घंटा मेंदूत वाजतेय.

डिमेन्शिया वेगळा. तो महिन्या-महिन्याने, वर्षा-वर्षाने चढतो. आधी नावं विसरणं, मग तेच तेच विचारणं, हिशेब चुकणं, ओळखीचा रस्ता चुकणं, पुढे कपडे घालणं आणि जेवणंसुद्धा. सुरुवातीच्या काळात माणूस जागा असतो, लक्ष देतो, फक्त आठवत नाही. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, मग छोट्या-मोठ्या स्ट्रोकमुळे होणारा व्हॅस्क्युलर, मग ल्युई बॉडीवाला, ज्यात पेशंटला खोलीत लहान मुलं किंवा प्राणी अगदी स्पष्ट दिसतात आणि चाल पार्किन्सनसारखी असते. हा शेवटचा लक्षात ठेवा, पुढे औषधांत परत येतोय. लोक डिमेन्शियाला म्हातारचळ म्हणून सोडून देतात पण वय झालं की होणारच असं ते नाही. भारतात ६० च्या वरच्या लोकांमध्ये साधारण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं डिमेन्शियात आहेत असा २०२३ मध्ये आलेला अंदाज आहे, तेव्हा तुमच्या वॉर्डात कायम एखाद-दुसरं कोणी असणार हे धरूनच चाला.

आता अडचण अशी की डिमेन्शिया असलेल्याला डिलिरियम जास्त सहज होतो. त्यामुळे "त्यांना आधीपासून अल्झायमर आहे" हे उत्तर मिळालं म्हणजे शोध संपला असं नाही, उलट तिथे डबल लक्ष द्यायचं. आणि तिसरं, डिप्रेशन. बायको गेल्यावर गप्प झालेले काका प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही, राहू दे" म्हणतात, ते विसरलेले नसतात, त्यांना जीवच लागत नाही कशात.

डिलिरियम म्हणजे फक्त आरडाओरडा, सलाईन ओढणं, बेडवरून उतरणं असं नका समजू. माझ्या त्या आजींसारखा गप्प, पेंगणारा प्रकार असतो, आणि तोच जास्त सुटतो हातातून कारण त्याचा कोणालाच त्रास होत नाही. वॉर्डात कोणी म्हातारं माणूस फारच 'शहाण्यासारखं' पडून असेल तर मुद्दाम जाऊन उठवा.

पायरी २: काल कसे होते, हे विचारा

एकच प्रश्न लक्षात ठेवायचा असेल तर हा. पण कोणाला विचारायचं ते महत्त्वाचं. फॉर्मवर सही मुलाची असते, तो ऐरोलीच्या आयटी कंपनीतून रात्री दहाला घरी येणारा, त्याला वडील सकाळी काय करतात ते माहीतच नसतं. सून, नात, ब्युरोकडून ठेवलेली सांभाळणारी बाई, शेजारच्या काकू, यांना विचारा. फोन लावा, लाजू नका. 

आणि "नेहमी कसे असतात" असं मोघम विचारलं की "असेच असतात, वय झालंय" हेच येणार. त्यापेक्षा बारीक विचारा. गेल्या आठवड्यात पेपर वाचत होते का? खाली सोसायटीत चक्कर मारायचे का, परत घर सापडायचं का? बाथरूमला स्वतः जायचे? गोळ्या स्वतः घ्यायचे की कोणी द्यायचं? संध्याकाळची मालिका बघताना कोण कोणाची सून ते कळायचं? जेवताना चमचा कसा धरायचा हे सांगावं लागायचं का? पाच मिनिटांत चित्र उभं राहतं. परवापर्यंत स्वतः तलावपाळीला फिरायला जाणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, हा डिमेन्शिया नाही होऊ शकत, तो असा एका रात्रीत येत नाही.

जे उत्तर मिळेल ते केसपेपरवर लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा. पुढच्या शिफ्टला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

पायरी ३: बेडजवळची दोन मिनिटं

'फोर एटी' (4AT) नावाची एक सोपी चाचणी आहे, खास ट्रेनिंग लागत नाही. चार भाग. पहिला, माणूस नीट जागा आहे का, की पेंगतोय किंवा फार अस्वस्थ आहे. स्पष्ट बिघडलेलं असेल तर थेट ४ मार्क. दुसरा, वय, जन्मतारीख, आत्ता कुठे आहात, कुठलं साल चालू आहे. एक चुकलं तर १, दोन किंवा जास्त चुकली तर २. तिसरा, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायचे. सात किंवा जास्त बरोबर आले तर शून्य, सुरुवात केली पण सात झाले नाहीत किंवा नाही म्हणाले तर १, पेशंट इतका आजारी किंवा पेंगलेला की चाचणीच होत नाही तर २. चौथा, अचानक झालेला किंवा वरखाली होणारा बदल. असेल तर ४, आणि हा मार्क दुसऱ्या पायरीतल्या उत्तरावरच द्यायचा असतो. एकूण १२ पैकी ४ किंवा जास्त आले तर डिलिरियम असू शकतो, १ ते ३ आले तर विसरण्याचा जुना त्रास असू शकतो, शून्य असेल तर शक्यता कमी. इथे मार्क जास्त म्हणजे वाईट, हे नवीन मुलं उलटं करतात. आयसीयूत श्वासाची नळी टाकलेल्या, बोलू न शकणाऱ्या पेशंटसाठी 'कॅम-आयसीयू' आहे, त्यात ठरावीक अक्षर ऐकलं की हात दाबायला सांगतात, ती इन्चार्ज सिस्टरकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

आता खरी गंमत आपल्या लोकांची. शाळेत न गेलेल्या आजीला जन्मतारीख कधीच माहीत नसते, आधारवर १ जानेवारी असते. दिवाळे गावातल्या किंवा घणसोली गावठाणातल्या आजीला इंग्रजी महिने उलटे येणार नाहीत, आणि त्याचा अर्थ ती गोंधळलेली आहे असा होत नाही. अशा वेळी वार उलटे विचारा, रविवार, शनिवार, शुक्रवार. वीसपासून उलटं मोजायला सांगा. बाजारात मासळी विकलेली असेल तर पन्नासच्या नोटेतून बारा गेले किती राहिले हे ती कॉलेजवाल्यापेक्षा पटकन सांगेल. याला फोर एटीचे मार्क देऊ नका, पण काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते तसंच्या तसं लिहा. आपल्याला परीक्षा घ्यायची नाहीये, लक्ष धरून ठेवता येतंय का एवढंच बघायचंय.

भाषा पण बघा. चाळीस वर्षं ठाण्यात राहिलेले मालवणकडचे आजोबा डिमेन्शियात हळूहळू फक्त मालवणीच बोलायला लागतात, हिंदीत विचारलं तर टक लावून बघतात. आमच्याकडे केरळच्या दोघी सिस्टर आहेत, त्यांनी "घाबरू नका, मी आहे इथे" एवढं एक वाक्य नीट मराठीत पाठ केलंय आणि त्या वाक्यावर त्यांनी किती रात्री काढल्यात ते मी बघितलंय.

चाचणीच्या आधी चष्मा आणि कानाचं मशीन लावा. मशीन घरी कपाटात राहिलेलं असतं, हरवेल म्हणून. ऐकूच येत नसेल तर उत्तर काय देणार?

पायरी ४: शरीर तपासा, वरपासून खालपर्यंत

हा भाग सगळ्यात मोठा आहे आणि तो आपल्याच हातात आहे.

पहिली शुगर. कोणीही म्हातारं माणूस अचानक वेगळं वागलं की ग्लुकोमीटर आधी, बाकी नंतर. डायबेटिसच्या गोळ्या घेतल्या, जेवण गेलं नाही, शुगर ७० च्या खाली, आणि आपण आजोबा चिडचिड करतायत म्हणून समजावत बसलोय असं होतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने पडलेली शुगर एकदा वर आली तरी परत पडू शकते, म्हणून पुढचे कितीतरी तास तपासत राहायचं.

मग पल्स, बीपी, ताप, सॅच्युरेशन, आणि श्वास, जो आपण मोजतच नाही, सगळ्यांचा १८ लिहून टाकतो. खरंच एक मिनिट मोजा. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन असूनही ताप येत नाही कित्येकदा, वाढलेला श्वास आणि गोंधळ एवढीच खूण असते. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट असेल आणि जास्त ऑक्सिजन लावल्यावर पेंगायला लागला असेल तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय का ही शंका घ्या आणि लगेच कळवा, अशांचं सॅच्युरेशन साधारण ८८ ते ९२ मध्ये ठेवायला सांगतात.

पोट. याच्याबद्दल जास्त लिहिते कारण हे कोणी बघत नाही. कोपरखैरण्याचे एक तात्या होते, आयुष्यभर एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी काम केलेले. ॲडमिट झाल्यावर दुसऱ्या रात्री तीन वाजता उठून उशा आणि चादरी खांद्यावर घ्यायला लागले, गाडी लागलीय, खाली करायची आहे म्हणाले. ब्रदरने हाताला धरून बसवायला बघितलं तर त्यालाच ढकललं. सगळे म्हणाले झोपेचं इंजेक्शन द्या. वॉर्डातले एक वॉर्डबॉय मामा साताऱ्याकडचे, ते बाजूला बसले, तात्या आधी चहा घेऊ, मग बघू गाडीचं, म्हणाले, आणि तात्या बसले. तेवढ्यात मी ओटीपोटावर हात ठेवला तर नारळासारखं कडक. डायपर ओलं होतं म्हणून सगळ्यांना वाटत होतं लघवी होतेय, पण ती भरून वाहणारी लघवी होती. डॉक्टरांना बोलावून कॅथेटर (लघवीची नळी) टाकला, ९०० एमएल निघाली. पंधरा मिनिटांत तात्या झोपले, इंजेक्शनशिवाय. तेव्हापासून माझा नियम आहे, ओलं डायपर म्हणजे लघवी मोकळी होतेय असं नाही, हात लावून बघायचं. कॅथेटर असेल तर नळी मुडपलीय का, गुठळीने अडकलीय का ते बघायचं, आणि कॅथेटरची गरज संपली की काढायला आठवण करायची, कारण त्यानेच इन्फेक्शन आणि अस्वस्थपणा दोन्ही येतं.

संडासाचंही तसंच. चार दिवस झाली नाही का? आणि पातळ होतेय म्हणून जुलाब समजू नका, घट्ट खडा अडकला की त्याच्या कडेने पाणी गळतं.

पाणी किती प्यायले ते बघा, जीभ बघा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतून आलेली आजी, लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही, हे इतकं कॉमन आहे. उलट्या-जुलाब झालेत किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे तर सोडियमचा रिपोर्ट शोधा, नॉर्मल १३५ ते १४५, आणि १२० च्या आसपास आलं की माणूस भलतंच बोलायला लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे ताप आणि गोंधळ एकत्र आला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो डॉक्टरांच्या डोक्यात असतातच, तुम्ही फक्त घराजवळ पाणी साचलेलं का, त्या पाण्यातून चालले का, हे विचारून ठेवा.

डोकं. पडले होते का, अगदी महिनाभर आधी बाथरूममध्ये? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? डोक्यात हळूहळू रक्त साठून आठवड्यांनी गोंधळ दिसतो. हात-पाय दोन्हीकडचे सारखे हलतात का, तोंड वाकडं झालंय का बघा. स्ट्रोकमध्ये कधीकधी भाषाच जाते, माणूस भराभर बोलतो पण शब्दांना अर्थ नसतो, आणि लोक त्याला वेड लागलंय म्हणतात. तिथे एक मिनिटही घालवू नका.

एक सावधानता. युरिनच्या रिपोर्टमध्ये बॅक्टेरिया आले की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, मिळालं कारण. पण म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत काहीही त्रास नसताना बॅक्टेरिया असू शकतात, विशेषतः बायकांच्यात आणि कॅथेटरवाल्यांच्यात. तेव्हा रिपोर्ट आला तरी छाती, पोट, औषधं बघणं थांबवू नका. कारणं बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त असतात.

पायरी ५: गोळ्यांची पिशवी उघडा

नातेवाइकांना सांगा घरातली सगळी पिशवी आणा, डॉक्टरांची चिठ्ठी नको, पिशवी. त्यात झोपेची अल्प्राझोलॅम निघते, खाजेची हायड्रॉक्सिझिन, सर्दी-खोकल्याच्या औषधातलं क्लोरफेनिरामिन, नसांच्या दुखण्याची ॲमिट्रिप्टिलिन, हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल. यातली प्रत्येक गोष्ट म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकू शकते, आणि तीन एकत्र असतील तर काही विचारूच नका. तुम्ही बंद करायची नाहीत, यादी करून डॉक्टरांसमोर ठेवायची.

उलट बाजूही आहे. पाच वर्षं रोज रात्री घेतलेली झोपेची गोळी ॲडमिट झाल्यावर अचानक बंद झाली तरी डिलिरियम होतो. दारूचं तसंच, शेवटचा पेग घेतल्यापासून काही तासांतच हातापायाला कंप आणि घाम सुरू होऊ शकतो, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी डिलिरियम. घरचे सांगत नाहीत, रिटायर्ड आहेत, प्रतिष्ठित आहेत. बाजूला घेऊन हळू विचारा, "काका रोज थोडी घेतात का? औषध त्याप्रमाणे बदलतं म्हणून विचारतेय." असं विचारलं की सांगतात.

पार्किन्सनची लेव्होडोपा वेळेवरच गेली पाहिजे, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय म्हणून चुकली असेल तर लगेच विचारा. आणि आता तो ल्युई बॉडीवाला मुद्दा: पार्किन्सन किंवा ल्युई बॉडी असलेल्यांना शांत करण्यासाठीचं हॅलोपेरिडॉल दिलं तर अंग लाकडासारखं होऊन जीवावर बेतू शकतं, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइडसुद्धा पार्किन्सनमध्ये चालत नाही. रात्री घाईत ऑर्डर झाली तर "डॉक्टर, यांना पार्किन्सन आहे" हे तोंडाने बोलायची हिंमत ठेवा, ज्युनियर असलात तरी.

पायरी ६: डॉक्टरांना फोन

"पेशंट इरिटेबल आहे, काहीतरी द्या" असा फोन केला तर झोपेचंच काहीतरी मिळणार. त्याऐवजी असं बोला:

"डॉक्टर, मेडिकल वॉर्ड, बेड बारा, ७८ वर्षांचे आजोबा, परवा उलट्या-जुलाबासाठी ॲडमिट, डायबेटिस आणि बीपी आहे. सुनेच्या म्हणण्याप्रमाणे काल रात्रीपर्यंत स्वतः जेवले, मुलाशी फोनवर बोलले. आज दुपारपासून पेंगतायत, साल चुकीचं सांगतात, महिने उलटे चारच आले, फोर एटी १०. पल्स ११०, बीपी १०० बाय ६०, श्वास २६, सॅच्युरेशन ९३, शुगर १४२, सकाळपासून युरिन २०० एमएल. परवाचं सोडियम १२८. तुम्ही येऊन बघाल का, आणि तोवर सोडियम परत पाठवू का?"

पहिल्यांदा कागदावर लिहून मग फोन लावा, मी अजूनही लिहिते. असा फोन गेला की डॉक्टर येतात. चार्टवरही "अनकोऑपरेटिव्ह" असे शब्द नकोत, काय दिसलं ते आणि वेळ लिहा: रात्री १:४० ला बेडवरून उतरले, बायकोला शोधत होते, हाताला धरल्यावर चिडले, चष्मा लावून दिवा लावल्यावर २:१० ला झोपले.

पायरी ७: रात्र कशी काढायची

झोपेच्या औषधाने डिलिरियम बरा होत नाही, मूळ कारण सापडून ते दुरुस्त झालं की उतरतो, आणि तोवर आपण आजूबाजूचं सोपं करायचं. हे काही मनाचं समाधान नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेत ८५२ वयस्कर पेशंटवर केलेला अभ्यास आहे, चष्मा-मशीन देणं, चालवणं, पाणी पाजणं, झोप सांभाळणं, वेळ-जागा सांगत राहणं, एवढंच केलं आणि नेहमीच्या वॉर्डात १५ टक्क्यांना डिलिरियम झाला तिथे या गटात ९.९ टक्क्यांना झाला. 

घरी त्यांना काय हाक मारतात ते विचारा, अण्णा, नाना, आबा, माई, आणि कागदावर लिहून बेडच्या वर लावा. कॅलेंडर आणि मोठं घड्याळ समोर. समोरून या, नाव सांगा, एका वेळी एकच वाक्य. "अण्णा, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. आता रात्र आहे. सकाळी मुलगा येणार." दर वेळी परत सांगा, न चिडता. दिवसा पडदा उघडा, खुर्चीत बसवा, शक्य असेल तर दोन पावलं चालवा. रात्री ट्यूबलाइट बंद, बारीक दिवा चालू, आणि बीपी, इंजेक्शन, डायपर एकाच फेरीत उरकून घ्या, नाहीतर दर तासाला कोणीतरी उठवतं आणि आपणच झोप मोडतो.

हात बांधणं. बरेच जण तुम्हाला पहिल्याच नाइटला शिकवतील की गॉजची पट्टी घ्या आणि बांधून टाका. नका करू. बांधलेला घाबरलेला माणूस आणखी जोरात सुटायला बघतो, मनगटं सोलतात. आधी विचार करा, ती नळी खरंच अजून हवी आहे का? सलाईनची सुई फुल बाहीच्या आत झाका, हातात रुमाल, जपमाळ काहीतरी द्या, ओळखीचं माणूस बसवा. अगदीच जीवाचा धोका असेल, डॉक्टरांनी लेखी ऑर्डर दिली असेल आणि घरच्यांशी बोलणं झालं असेल तरच, आणि तेव्हाही थोड्या थोड्या वेळाने सोडून बोटांचा रंग बघायचा. बेडच्या कडेच्या साइड रेलचंही ऐका, चालू-फिरू शकणारा गोंधळलेला माणूस दोन्ही रेल वर केल्या तर त्यावरून चढतो आणि जास्त उंचावरून पडतो. बेड अगदी खाली घ्या.

पायरी ८: डिमेन्शियावाल्यांशी बोलताना

डिलिरियममध्ये हळू हळू सत्य सांगत राहतो, डिमेन्शियात तसं करून चालत नाही. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोला आजोबा शोधतायत, तुम्ही "त्या वारल्या" म्हटलं तर ते आज पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडतात, आणि अर्ध्या तासाने परत विचारतात. त्यांना रोज विधुर का करायचं? "आजींची आठवण येतेय ना? भाजी काय छान करायच्या त्या?" असं म्हणा, ते बोलायला लागतात. "मला घरी जायचंय" म्हणजे बऱ्याचदा घाबरलोय, दुखतंय, लघवीला लागलीय. संध्याकाळी पाच-सहाला हे वाढतं. आमच्याकडे वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं मशीनवर काम केलेले काका रोज सहाला दाराशी उभे राहायचे, शिफ्ट सुटली म्हणून. अडवलं की मारायला यायचे, सोबत कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारली की येऊन बसायचे.

दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून चेहरा बघा, श्वास, कण्हणं, अंग आखडणं, समजावल्यावर शांत होतात का, या पाचांवर 'पेनॅड' (PAINAD) स्केल आहे, शून्य ते १०. कूस बदलताना हात उगारणारी आजी मारकुटी नसते, तिचा खुबा दुखत असतो.

जेवताना सरळ बसवा, दात लावा, छोटे घास, गालात घास साठलाय का बघा, झोपाळू असताना भरवू नका. मऊ वरणभात समोर ठेवून निघून गेलात तर ताट तसंच परत जाणार, आणि चार्टवर "जेवण नाकारलं" जाणार, ते बरोबर नाही.

पायरी ९: घरच्यांना काय सांगायचं

ठाण्यात मेंटल हॉस्पिटल १९०१ पासून आहे, आणि आपल्याकडे "ठाण्याला पाठवा" हे बोलणं काही अजून गेलेलं नाही. वडील रात्री बरळले की मुलगा कोपऱ्यात घेऊन हेच विचारतो, सिस्टर, यांना वेड लागलंय का, तिकडे न्यावं लागेल का? त्याला स्पष्ट सांगा की हे वेड नाही, इन्फेक्शनमुळे, सोडियममुळे मेंदू दमलाय, कारणावर इलाज चालू आहे. पण उद्याच बरे होतील असंही वचन देऊ नका, काहींना दिवस लागतात, काहींना आठवडे, कोणाला त्याहून जास्त. त्यांना बसू द्या जवळ, व्हिजिटिंगची वेळ संपली तरी इन्चार्जशी बोलून एकाला थांबवा. घरची गोधडी, देवाचा फोटो आणायला सांगा. आणि बरे झाल्यावर काही पेशंटना तो सगळा भीतीचा काळ आठवतो, मी काय बोललो असेन म्हणून लाज वाटते, तेव्हा पाच मिनिटं बसून सांगा की ते आजारामुळे होतं.

डिस्चार्जच्या वेळी कागदावर 'डिलिरियम झाला होता' हे यायला हवं, डॉक्टरांना आठवण करा, पुढच्या ॲडमिशनला फार कामाचं असतं. गोंधळ पूर्ण उतरल्यावरही विसरणं राहिलं असेल तर काही आठवड्यांनी मेमरीची तपासणी करायला सांगा, बी१२ आणि थायरॉइडची टेस्टही करून घेतात त्यात, कारण ते दुरुस्त होणारं असतं. बाहेर निघून जायची सवय असेल तर शर्टाच्या आतल्या खिशात नाव आणि घरच्यांचा फोन लिहिलेलं कार्ड शिवून टाका, ठाणे स्टेशनच्या गर्दीत एकदा माणूस लोकलमध्ये चढला की वाशीला उतरेल की कर्जतला, काही सांगता येत नाही. हरवले तर रात्र होईपर्यंत वाट बघू नका, लगेच ११२. वयस्करांसाठी सरकारी एल्डरलाइन आहे १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि सांभाळणारी सून किंवा मुलगी स्वतःच खचली असेल तर तिच्यासाठी मनाच्या त्रासाची सरकारी हेल्पलाइन टेली मानस १४४१६. हे दोन्ही नंबर मी डिस्चार्जच्या फाइलवर मोठ्या अक्षरात पेनाने लिहून देते, छापील कागद कोणी वाचत नाही. आणि निघताना शेवटचं, घरी परत अचानक वेगळे वागले, एका दिवसात बदलले, तर वय झालंय म्हणून थांबू नका, त्याच दिवशी घेऊन या.